पाचवीचा दगड

पन्नाशीला आल्यावर जैतू आगिवलेला आयुष्यातली पहिली बसून करायची नोकरी मिळाली, ती दगड राखायची.

आता वरची ठाकरवाडी अख्खी दगडावरच बसलेली. अंगणात दगड, वरईच्या शेतात दगड, देवाच्या जागी दगड, आणि पावसाळ्यात डोंगर सुटला तर न बोलावता घरात येतो तोही दगडच. इतक्या पिढ्यांत त्यातला एक कुणी चोरल्याचं ऐकिवात नव्हतं. कुणी नेला असता तर वाडीने त्याला चहा पाजला असता. म्हणून कंपनीने राखणदार नेमायचं काढलं तेव्हा जैतूने दोनदा विचारलं, "साहेब, नक्की दगडच ना?"

"दगडच," मिहीर म्हणाला.

मिहीर हा कंपनीचा दगडांचा साहेब. राहायला कर्जतला, भिसेगावात. वय जैतूच्या जावयाएवढं, गळ्यात दोरीला बांधलेलं एक भिंग. कशेळ्यापासून पुढे वाडीपर्यंत मोटारसायकल रडवत यायचा, घामाने निथळत दगड उचलायचा, भिंगातून बघायचा आणि मग चक्क जिभेने चाटायचा. ओला दगड नीट दिसतो म्हणे. वाडीतल्या बायांनी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा संध्या दरवडा जैतूच्या बायकोला, ललिताला, म्हणाली, "गं, ह्याला घरी जेवाय घालीत न्हाईत वाटतं."

मशीन शिमग्याच्या आधी आलं होतं. वाडीच्या वरच्या माळावर तीन पायांचा मनोरा उभा राहिला, आणि डोंगराच्या टाळूत पाइप घालून आतला दगड उसाच्या कांड्यासारखा गोल कापून वर काढू लागला. कांडी मनगटाएवढी जाड, हातभर लांब, वरून गुळगुळीत. त्या कांड्या पन्हळी पत्र्याच्या पिवळ्या ट्रेमध्ये ओळीने लावायच्या, मधेमधे खोलीचा आकडा लिहिलेली लाकडी चकती ठेवायची, आणि ट्रे आणून जैतूच्या पडवीत रचायचे. कंपनीने खरं तर कर्जतला कुलपाची खोली घेऊन माल तिकडे न्यायला सांगितलं होतं. पण रस्ता तसा होता आणि मिहीरला लग्नापर्यंत कंबर जपायची होती. त्याने जैतूची पडवी बघितली, छप्पर बघितलं आणि हीच खोली म्हणून ठरवून टाकलं.

"हे बघा जैतूदादा," त्याने समजावलं. "उभा डोंगर आपण ह्या ट्रेमध्ये आडवा झोपवलाय. इकडे डोकं, तिकडे पाय. हे सगळं पुढे दळून, आत काय दडलंय ते तपासतात. मधला एक तुकडा जरी गेला ना, तर डोंगराचं पोट गेलं समजा."

"मंग?"

"मग काय. परत भोक. त्याच्याच शेजारी, पहिल्यापासून."

दगडाचं जैतूला काही नव्हतं. भोकाचं होतं.

कारण मशीन दगड कापायचं आणि पाणी प्यायचं. दगड किती कापला ते दिसायला आठवडा लागायचा, पाणी किती प्यालं ते संध्याकाळी दिसायचं. वाडीचं पाणी म्हणजे ओढ्याच्या सुकल्या पात्रात खणलेला डवरा. उन्हं चढली की त्यात बाई उतरते आणि वाटीने हंडा भरते. हंडा भरला की वर येते, मग दुसरी उतरते. त्याच डवऱ्यात आता कंपनीचा पाइप पडला होता. परवानगी ग्रामपंचायतीची होती. वाटी धरणाऱ्या बाईची परवानगी लागते हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"तुजा नवरा दगड राखतो गं," संध्या रांगेतनं ललिताला म्हणायची, "पानी कोन राखतो?"

ललिता हंडा डोक्यावर घ्यायची आणि चालू लागायची. घरी येऊन जैतूसमोर हंडा असा आपटायची की बोलल्यासारखंच व्हायचं. तिच्या कोपरापासून खाली हात चिखलाने राखाडी झालेले असायचे, आणि ते धुवायचे तर पुन्हा तेच पाणी. जैतूने मशीनवर जाऊन योगेंद्रला विचारलं, "और कितना?" योगेंद्र हा मशीनचा मुख्य माणूस, झारखंडकडचा, कोळशाच्या मुलखातला. त्याच्या गावाखालीच कोळसा होता.

"हमारे इधर भी कोयला था," जैतू म्हणाला. "आपुन का बाप बनाता था. जंगल में भट्टी लगाके. ठेकेदार का."

"बनाता था?" योगेंद्रला हे नवीन होतं. "कोयला कोई बनाता है क्या? वो तो होता है."

जैतूला त्या मुलखाचा हेवा वाटला. त्याच्या बापाने आयुष्यभर झाडं तोडून, रचून, माती थापून, रात्र रात्र धूर गिळून जे केलं ते ह्यांच्याकडे तयारच मिळत होतं. "फिर तो आराम होगा," तो म्हणाला.

"आराम?" योगेंद्र पाइपाला वंगण लावत म्हणाला. "हमारे गाँव का कुआँ खदान में उतर गया."

"कुएँ को पाँव होता है क्या?" जैतू हसला.

योगेंद्र हसला नाही.

शिमगा झाला आणि जैतूची मुलगी वनिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती ती मोकळी झाली. मुलगा. कशेळ्याच्या दवाखान्यातून जीपने वाडीत आणला. आता पाचवी करायची.

पाचवीच्या दिवशी सटवी येते आणि पोराच्या कपाळावर जे लिहायचं ते लिहून जाते. ती येते म्हणजे पाट्यावर उभ्या केलेल्या वरवंट्यात येते, तिला बसायला दुसरी जागा नाही. आणि जैतूच्या घरात पाटा होता, वरवंटा नव्हता. हे फक्त आपल्यालाच ठाऊक आहे असं जैतूला वाटत होतं. ट्रेवर ताडपत्री ताणायला खुंट्या ठोकायच्या होत्या. हातोडी मशीनवर होती, वरवंटा हाताशी होता. चौथ्या खुंटीला त्याची दोन भकलं झाली. जैतूने इकडेतिकडे पाहिलं, भकलं उकिरड्यात खोल पुरली आणि हात झटकून राखण करायला बसला. घरात मिक्सर होता. वीज येत होती तेव्हा तो चालत होता. मिरची वाटायला कुणी वरवंटा शोधला नाही आणि जैतूने विषय काढला नाही.

पाचवीला पुरुषाचं घरात काम नसतं. जैतूला माळावर पिटाळलं. दिवेलागणीला तो परत आला तर आत पाट्यावर हळदीकुंकू माखलेला, काळा दोरा बांधलेला, काजळाने डोळे काढलेला वरवंटा उभा, पुढे भात आणि सुकट. जैतूचा जीव भांड्यात पडला. आईने कुणाच्या तरी घरून मागून आणला असावा. कुठून, हे विचारलं असतं तर घरचा कुठे गेला हे निघालं असतं. त्याने विचारलं नाही. त्याच्या आईला, अंबूबाईला, उलट वाटलं की पोराने पाहिलंय आणि काही बोलत नाही, म्हणजे त्याची हरकत नाही.

अशा तऱ्हेने एका घरात दोन माणसं एकमेकांना घाबरून गप्प बसली आणि सगळं छान पार पडलं.

रिकामा पाळणा हलवू नये, म्हणून पोर पाजायला काढलं की त्याच्या जागी पाचवीचा दगड निजायचा. बारशाला तोच दगड कुंची घालून पाळण्याखालून ह्या बाईकडून त्या बाईकडे फिरला. महिना सव्वा महिना झाला. वनिताला न्यायला सासरचे, खालापूरकडचे लोक आले तेव्हा अंबूबाईने दगडही दुपट्यात बांधून दिला.

"ह्यो कशाला गं आजे?" वनिता म्हणाली.

"जिनं लिवलं ती पोराबरोबर जाते," अंबूबाई म्हणाली. असा रिवाज आहे की नाही हे वाडीत कुणालाच आठवेना. पण अंबूबाईने ते इतक्या ठामपणे सांगितलं की त्या दिवसापासून तो रिवाज झाला.

वैशाख लागला. भोक पुरं झालं. मिहीरचा फोन आला, "जैतूदादा, परवा टेंपो घेऊन येतो. ट्रे उचलू, मशीन उतरवू, की संपलं. फक्त एकदा पुसून ठेवा."

जैतूने ललिताला सांगितलं. ललिताने संध्याला सांगितलं. डवऱ्यावर त्या दिवशी बाया हसल्या. डवऱ्यात वाटी बुडायची बंद झाली होती. नारळाची करवंटी आडवी करून पाणी खरडून घ्यावं लागत होतं. पण मशीन गेलं की दोन दिवसांत झिरपेल, असं सगळ्यांनी एकमेकींना सांगितलं.

जैतूने ताडपत्री काढली, फडकं घेतलं आणि एकेक ट्रे पुसू लागला. खालून तिसऱ्या ट्रेमध्ये, दोन चकत्यांच्या मधे, हातभर पन्हळ रिकामी होती.

त्याने ट्रेखाली पाहिलं. पडवीभर पाहिलं. शेळीकडे पाहिलं. शेळीनेही त्याच्याकडे पाहिलं. मग तो घरात गेला.

"आये, ट्रेमधला दगड कुनी काढला?"

अंबूबाई चूल सारवत होती. "कंचा?"

"जो नाय तो!"

"चमकी होती तो ना? काळा, वर सोन्यावानी ठिपकं?" अंबूबाईने हात थांबवला नाही. "पाचवीला घेतला की. तू बगितलास."

जैतूने हातातलं फडकं आपटलं. "अगं पन त्यातलाच का घेतलास? डोंगरभर दगड हाईत!"

"मंग? सटवी ती. तिच्या अंगावर दागिना नको? बाकीचे समदे भुंडे व्हते." मग तिने वळून पाहिलं. "आनी मी कशाला काढला असता रं? घरचा वरवंटा कुठं गेला ते तू आदी सांग."

जैतूने नजर दाराकडे वळवली. ललिता दारात हंडा घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. हंड्यात पाणी अर्धंच होतं.

"परत भोक पाडनार का?" तिने विचारलं.

"नाय पाडनार."

"परत पाडलं ना," ललिता शांतपणे म्हणाली, "तर वाडीतल्या बाया मला डवऱ्यावं उभी करनार नाईत. मग मी पानी तुज्या ट्रेमधून आनीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी जैतू निघाला. कशेळ्यापर्यंत चालत, कर्जतपर्यंत जीप. दुपारची खोपोलीची गाडी रिकामी होती. एवढ्या बाकड्यांमधून कुठे बसावं ते न कळून तो दारात उभाच राहिला. खोपोलीहून टमटम. वनिताचं सासर खडीच्या खाणीच्या पायथ्याशी होतं. तिथे झाडं पांढरी, छपरं पांढरी, कोंबड्या मूळच्या कुठल्या रंगाच्या ते सांगता येत नव्हतं. व्याही सखा त्याच खाणीत क्रशरवर कामाला होता. तो बोलायच्या आधी खोकायचा, त्यामुळे तो बोलणार हे आधीच कळायचं.

"बसा व्याही. च्या घ्या." चहावर धुळीची साय आली होती.

मागे सुरुंगाचा आवाज झाला. पाळण्यातलं पोर दचकलंसुद्धा नाही. त्याच्या उशाशी, टोपडं घातलेला, काजळाच्या डोळ्यांचा दगड निजला होता. टोपड्याखाली ठिपके चमकत होते. जैतूने घोटभर चहा गिळला आणि आल्याचं कारण सांगितलं.

विहीण एकदम उठून पाळण्याआड उभी राहिली. "म्हंजी? दिलेलं परत न्यायाला आलाव?"

"तसं नाय, कंपनीचा हाय तो..."

"कंपनीचा? आमच्या नातवाच्या कपाळावं कंपनीच्या दगडानं लिवलंय?"

जैतूने वनिताकडे पाहिलं. वनिता खाली मान घालून पोराच्या अंगावरचं दुपटं उगाच सारखं करत होती. बापाकडे बघत नव्हती.

"काय करनार ते त्याचं?" सखाने खोकून विचारलं.

"दळनार म्हने. पीठ करून तपासनार."

हे सांगायला नको होतं. विहिणीने पाळण्यातला दगडच उचलून छातीशी धरला. "सटवीला दळनार? आन् मग त्या पोराचं लिवलेलं कुठं जाईल? कंच्या तोंडानं इचारता तरी तुमी?"

सखा मागच्या दारातून वर बघत होता. तिथे एके काळी डोंगर होता. आता अर्धाच होता, आणि उरलेल्या अर्ध्याच्या कापल्या अंगावर पोकलेन मुंगीसारखा चढत होता. "इकडं आक्का डोंगर नेला," तो म्हणाला. "एक दगुड कुनी मोजला नाय. तुमच्याकडं बरं, कांडी कांडी मोजतात."

शेवटी सखा आत गेला आणि घरचा वरवंटा घेऊन आला. जुना, मधे फुगीर, टोकांना निमुळता, तीन सासवांच्या हातांनी घासलेला. "ह्यो न्या. दगुडच पायजे ना? हा बी काळाच हाय."

"अवो पन तो..."

"आमाला अडचनीत टाकू नका व्याही. बाईमानूस आइकनार नाय. ह्यो न्या."

जैतूने वरवंटा पिशवीत घातला. निघताना वनिता ओसरीच्या कडेपर्यंत आली. "बाबा," ती हळूच म्हणाली, "घरचा वरवंटा तुमी फोडलाव ना?"

"तुला कोनी सांगितलं?"

"खुंट्या ठोकत व्हताव तवा मी आत पोट धरून बसले व्हते. आवाज झाला."

टेंपो यायच्या दिवशी उजाडल्यापासून जैतू मागच्या खडकावर वरवंटा घासत होता. मधला फुगवटा कमी व्हायला हवा होता. पाणी टाकून घासलं तर लवकर झिजतो, पण पाणी टाकायची छाती नव्हती, म्हणून तो कोरडाच घासत होता. पोटऱ्या भरून आल्या, तळव्यांना फोड आले, आणि दर घासण्याबरोबर खडकातून मिरची-लसणाचा असा काही दरवळ सुटला की अंबूबाईने आतून विचारलं, "कालवन कोन करतंय रं?"

मिहीर आला. मागून टेंपो. जैतूने ट्रे पुसून ओळीने मांडले होते आणि तिसऱ्या ट्रेपुढे तो स्वतः उभा होता. मिहीर एकेक बघत आला. तिसऱ्यापाशी थांबला.

"जैतूदादा, जरा बाजूला."

जैतू बाजूला झाला.

मिहीर वाकला. वरवंटा उचलला. भिंगातून बघितला. मग सवयीने जिभेने चाटला, आणि त्याचे डोळे पाण्याने भरले. तो बराच वेळ खोकला. ललिताने आतून तांब्या आणला. सकाळपासून त्या घरात पाण्याला पहिल्यांदा हात लागला तो हा.

"ह्याला..." मिहीर नाक पुसत म्हणाला, "ह्याला लसणाचा वास येतो."

"रानात रानलसूण लय हाय, साहेब."

"इतक्या खोल?"

"मुळं खोल जातात."

मिहीरने जैतूकडे पाहिलं. जैतूच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, पण तळव्यांचे फोड त्याने पाठीमागे लपवले होते. पडवीच्या कडेला संध्या आणि आणखी दोघीतिघी बाया रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या. मशीन उतरताना बघायला आल्या होत्या. त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्या फक्त साहेबाच्या तोंडाकडे बघत होत्या.

मिहीरने खिशातून मोबाइल काढला. त्यात ह्याच ट्रेचा जुना फोटो होता; काळ्या कांडीवर सोनेरी ठिपके. शेजारच्या कांड्यांवरही थोडे होते, पण ह्या एकीवर जणू कुणी मुद्दाम शिंपडले होते. तो फोटोकडे बघत राहिला, मग वरवंट्याकडे.

"मूळ तुकडा कुठाय?"

"हाय," जैतू म्हणाला. "सुखरूप हाय. पन येनार नाय."

"म्हणजे?"

जैतूने सांगितलं. सटवी, पाळणा, विहीण, सगळं. मिहीर ऐकत होता, आणि त्याच्या डोळ्यांपुढे ठाण्याच्या हापिसातला मोठा साहेब उभा होता. माल कुलपात का नव्हता, विचारत होता. मग मिहीर म्हणाला असता, तुकडा सटवीकडे आहे. मोठ्या साहेबाने सटवीचा फोन नंबर मागितला असता.

"परत भोक पाडायचं तर मलाच इथे राहावं लागेल," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "मेमध्ये."

"आनी पानी?" बायांतून संध्या म्हणाली. तिला 'परत भोक' एवढंच ऐकू आलं होतं. "परत कशाचं भोक?"

मिहीरने मार्कर काढला. बाकीच्या सगळ्या कांड्यांवर वरची बाजू दाखवणारा बाण होता. तो म्हणाला, "वरची बाजू कुठली, जैतूदादा?"

जैतूला ते कसं ठाऊक असणार? त्याने एक टोक दाखवलं. ज्या टोकाने खालापूरच्या तीन सासवांनी मिरची रगडली होती ते. मिहीरने त्यावर सावकाश, स्वच्छ बाण काढला आणि वरवंटा पन्हळीत ठेवला. घासूनसुद्धा तो मधे जरा उचलला जात होता. मिहीरने टाचेने हलकेच दाबला.

"ह्यात काही सापडलं," तो हळू आवाजात म्हणाला, "तर ते मशीन नाही येणार. मोठं येईल. एक नाही, दहा."

"सापडंल का?"

"मला काय माहीत? तुमच्या विहिणीचा दगड आहे."

मशीन गेलं. योगेंद्रने जाताना भोकाच्या तोंडावर लाकडाचा दट्ट्या ठोकला आणि जैतूचा हात हातात घेऊन नुसता हलवला. डवरा मात्र भरला नाही. दोन दिवस झाले, आठवडा झाला. तळाशी ओल यायची आणि उन्हाने पुन्हा पांढरी व्हायची. बाया आता पहाटे उतारावरून खालच्या गावच्या विहिरीवर जायच्या आणि तिथल्या लोकांची बोलणी खाऊन हंडा घेऊन यायच्या. जैतूची हजेरी बंद झाली होती, पण राखण सुटली नव्हती. रस्त्याला कुठलीही गाडी घुरघुरली की तो पडवीच्या टोकाला येऊन उभा राहायचा. एकदा लग्नाचा बँड आला, तर त्याला तीन पायांचा मनोराच दिसला. जेवताना मधेच म्हणायचा, "त्यांचा वरवंटा कंच्या दगडाचा असंल गं?" ललिता म्हणायची, "मला काय म्हायती? मी कुठं रगडलाय तो?" खालापूरच्या कुठल्या तरी मेलेल्या सासूने कुठल्या तरी बाजारात दगडाची पारख केली होती की नव्हती, त्यावर आता ह्या डोंगराचं सगळं लटकलं होतं. जैतू रोज त्या सासूची मनोमन करुणा भाकायचा. तिचं नाव त्याला माहीत नव्हतं.

मृग आठवड्यावर आला तेव्हा फोन आला.

"जैतूदादा," मिहीर म्हणाला, आणि थांबला. "नाही येणार ते. कळलं ना? चमकीचा पट्टा चांगला होता, वरपण होता, खालीपण होता. पण मधेच तुटलाय म्हणतात. मधला तुकडा अगदीच फुकट निघाला."

"कुठला तुकडा?"

"तुम्हाला ठाऊक आहे कुठला. मोठा साहेब म्हणाला, असा तुटका डोंगर घेऊन काय करायचंय." मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "आणि तो खरा... तो कुणाला दाखवू नका. कधीच. मी सही केलीय, जैतूदादा."

फोन ठेवून जैतू अंगणात आला तर समोरच्या उतारावरून सखा चढत येत होता. खोकत, थांबत, पुन्हा चढत. खांद्याला नायलॉनची पिशवी, आत दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी. टेकल्याबरोबर त्याने पिशवी जैतूच्या पायाशी ठेवली.

"तुमचं तुमाला. आमाला नको."

"का? काय झालं?"

"मानसं येत्यात बघाया. खाणीवरचा एक जन म्हनला, सोनं हाय. मग दुसरा आला. मग खोपोलीहून एक आला, गॉगल लावून. आता आमची म्हातारी उशाला कोयता घिऊन निजते. पोरगं पाळन्यात, म्हातारी पाळन्याखाली. मला खोकाया बी चोरी." त्याने घाम पुसला. "आन् आमचा वरवंटा द्या. घरात मिरची वाटली नाय किती दिस झालं."

जैतूने दुपटं सोडलं. काजळाचे डोळे पुसट झाले होते. ठिपके नव्हते झाले.

"तुमचा वरवंटा," जैतू म्हणाला, "दळला गेला."

सखाने ते ऐकलं, मान हलवली आणि विचारलं, "काय सापडलं त्यात?"

"काय नाय."

"मंग बरं," सखा म्हणाला. "चांगल्या घरचा व्हता."

अंबूबाई आतून आली होती. तिने दगड उचलून मांडीवर घेतला. "हा घरात ठेवायचा नाय," जैतू म्हणाला. "खाली ओढ्यात टाकला तर पोरं शोधतील. पुरला तर डुक्कर उकरंल."

"जिथला तिथं ठेव की," अंबूबाई म्हणाली.

तिला ते सोपंच वाटत होतं. आणि विचार केल्यावर ते सोपंच होतं.

भर उन्हात ते माळावर गेले. पुढे जैतू, मागे दगड कडेवर घेतलेली अंबूबाई, तिच्यामागे ललिता, आणि सगळ्यांत मागे खोकत सखा. हे कसलं मांडव-परतणं म्हणून संध्याही रिकामा हंडा घेऊन मागोमाग आली. जैतूने दगडाने ठोकून दट्ट्या सैल केला आणि उपटला. खाली तळहाताएवढं काळं तोंड. आतून गार वारा आल्यासारखा वाटला.

अंबूबाईने दगडाला हळद लावली, तोंडातल्या तोंडात काही म्हणाली आणि जैतूच्या हातात दिला. जैतूने तो उभा धरला. वरची बाजू कुठली ते ह्या खेपेला बाणच सांगत होता. सोडला.

दगड गेला. कडेला घासत, ठणठणत, लांब लांब जात. सगळे माना वाकवून ऐकत होते. आवाज बारीक होत होत बंद झाला.

आणि मग खालून आवाज आला: डुबुक.

ललिताने हळूच गुडघे टेकले आणि कान भोकाला लावला.

"पानी हाय," ती म्हणाली.

"कसं असंल?" संध्या म्हणाली, पण तीही खाली बसली.

जैतूला योगेंद्रची विहीर आठवली, पाय फुटलेली. डवरा भरत नव्हता, कारण तो इथे उतरून आला होता. वाडीचं पाणी वाडीतच होतं. तळहाताएवढ्या तोंडाच्या, कुठल्याही हंड्याला, कळशीला, तांब्याला न बधणाऱ्या भोकात. दहा मशीनं आली असती तर अशी किती तोंडं झाली असती, तेवढं त्याच्या मनात येऊन गेलं.

"तांब्या जाईल का?" सखाने विचारलं.

"नाय."

"वाटी?"

"वाटी दोरीला कशी बांधनार?"

ललिता उठली. माळाच्या कडेला, मशीनवाल्यांनी रिकाम्या टाकलेल्या बाटल्यांचा ढीग होता. त्यातली एक उभट, अरुंद बाटली तिने निवडली. सखाच्या पिशवीची नाडी, पडवीतून आणलेली ताडपत्रीची लांबलचक दोरी, संध्याच्या डोक्यावरची चुंबळ सोडून काढलेली पट्टी आणि जैतूचा करगोटा एकाला एक बांधून दोर झाला. बाटलीच्या बुडाशी भाराला एक खडा बांधला. बाटली गेली. सगळा दोर गेला, जैतू पोटावर पालथा पडून हात खांद्यापर्यंत भोकात घालून होता, तेव्हा कुठे दोर ढिला पडला.

ओढली तेव्हा वर यायला फार वेळ लागला.

पाणी लालसर गढूळ होतं. संध्याने बाटली घेतली, सगळ्यांत म्हाताऱ्या म्हणून अंबूबाईपुढे धरली. अंबूबाईने एक घोट तोंडात घोळवला. जैतू तिच्या तोंडाकडे बघत होता, जसा तो त्या दिवशी मिहीरच्या तोंडाकडे बघत होता.

"हळदीचं लागतंय," ती म्हणाली.

संध्याने बाटली हंड्यात उपडी केली. हंड्याचा तळही भिजला नाही. तिने बाटली पुन्हा जैतूच्या हातात दिली, पदर खोचून भोकापाशी बसली आणि म्हणाली, "सोड रं भाऊ. आज रांगंत पयला नंबर माजा."